तंजावरच्या संगीत-परंपरेचा शोध

तामिळनाडूतील तंजावर शहरात जुन्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे. ताडपत्रांच्या जुड्या, कागदी पोथ्या आणि कापडी रुमालांत बांधलेली दप्तरे मिळून ४० हजारांहून अधिक हस्तलिखिते येथे जतन केलेली आहेत. त्यांपैकी बहुसंख्य संस्कृत असून तामिळ, तेलुगू आणि मराठी ग्रंथांचा संग्रहही मोठा आहे. मराठी हस्तलिखितांचीच संख्या तीन हजारांवर जाते. महाराष्ट्राच्या सीमेपासून शेकडो मैल दूर, कावेरीच्या काठी एवढे मराठी वाङ्मय कसे जमा झाले, हा प्रश्न प्रथमच तेथे जाणाऱ्या मराठी माणसाच्या मनात सहजच उभा राहतो. त्याचे उत्तर तंजावरच्या भोसले घराण्याच्या इतिहासात आहे आणि ते बहुतेक सुशिक्षितांना थोडेफार ठाऊक असते. याच पोथ्यांच्या आधारे एका शहराच्या संगीताचा तीन शतकांचा इतिहास पुन्हा उभा करण्यात आला आणि ते काम प्रामुख्याने विद्यापीठातील पहिल्या पिढीच्या संगीत-अभ्यासकांनी केले, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही.

त्या अभ्यासकांपुढील अडचण मोठी विलक्षण होती. पोथ्यांत जे लिहिलेले होते ते गाऊन दाखविणारे फारसे कोणी उरले नव्हते, आणि जे गायिले जात होते ते बहुतांशी लिहिलेले नव्हते. एकीकडे ताडपत्रांना कसर लागत होती, दुसरीकडे वृद्ध कलावंत एकेक करून काळाआड जात होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नष्ट झाल्या असत्या, तर तंजावरच्या संगीताविषयी आपल्या हाती केवळ आख्यायिका राहिल्या असत्या.

एक शहर, तीन राजवटी

तंजावरचे सांगीतिक महत्त्व मराठ्यांच्या आगमनापूर्वीपासूनचे आहे. चोळ सम्राट राजराज याने बांधलेले आणि इ. स. १०१० मध्ये पूर्णत्वास गेलेले बृहदीश्वराचे मंदिर सर्वपरिचित आहे. या मंदिराच्या भिंतींवरील शिलालेखांत देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या ४०० नर्तिकांची नोंद असून त्यांच्याबरोबर गायक आणि वादक यांच्या नेमणुकांचाही तपशील आहे. कलावंतांच्या नियुक्त्या आणि त्यांच्या निर्वाहाची व्यवस्था यांची एवढी तपशीलवार जुनी नोंद क्वचितच आढळते.

चोळांच्या नंतर काही शतकांनी तंजावर नायक राजांकडे आले. त्यांपैकी रघुनाथ नायक हा स्वतः विद्वान व संगीतज्ञ होता. आजच्या तंजावर वीणेला तिचे प्रचलित रूप त्याच्याच काळात मिळाले, असे परंपरा मानते. त्याचा पुत्र विजयराघव याच्या कारकिर्दीत, म्हणजे १६३३ ते १६७३ या काळात, वेंकटमखी या पंडिताने ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ हा ग्रंथ रचला. दक्षिणेतील रागांची पुढील सारी मांडणी या ग्रंथाच्या पायावर उभी आहे.

१६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावर येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. जवळजवळ १८० वर्षांच्या या काळात दरबाराचा आणि दप्तराचा व्यवहार मराठीत चाले, शास्त्रग्रंथ संस्कृतात लिहिले जात, गाण्यासाठी तेलुगूला मान होता आणि लोकजीवनाची भाषा तामिळ होती. नव्या राज्यकर्त्यांनी आपली भाषा आणली, परंतु तेथील भाषांना बाजूला सारले नाही. तंजावरच्या संगीताचे वैभव या चार भाषांच्या एकत्र नांदण्यातून निर्माण झाले.

राज्यकर्ते आणि ग्रंथकार

व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले. विद्वानांना अग्रहार देणारा राजा म्हणून त्यांची ख्याती होती. तिरुविसनल्लूर हे गाव त्यांनी १६९३ मध्ये अनेक विद्वानांना दान दिले आणि ते पुढे शहाजिराजपुरम् या नावाने ओळखले गेले. शहाजींच्या नावावर तेलुगू, मराठी, संस्कृत अशा अनेक भाषांतील रचना आहेत. ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ हे त्यांचे तेलुगू संगीतनाट्य तिरुवारूरच्या त्यागेश देवाशी संबंधित आहे. ‘पंचभाषाविलास’ या नाटकात नावाप्रमाणेच पाच भाषा एकत्र येतात. त्यांच्या ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ यासारख्या मराठी नाटकांमुळे मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा आरंभ सांगलीच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’च्या मागे दीडशे वर्षे नेता येतो काय, याची चर्चा मराठी समीक्षकांत झाली. रागांची लक्षणे सांगणारा एक तेलुगू ग्रंथही शहाजींच्या नावे आहे.

शहाजींचे धाकटे बंधू तुळजाजी यांनी १७३६ पर्यंत राज्य केले. त्यांचा ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ संगीतशास्त्राच्या इतिहासात फार मोलाचा मानला जातो. जुन्या ग्रंथकारांची मते संकलित करून तुळजाजी थांबत नाहीत. प्रत्येक रागाचे लक्षण सांगताना ते आपल्या काळी प्रचारात असलेल्या रचनांतील स्वरसमूह उदाहरण म्हणून देतात. त्यामुळे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो राग प्रत्यक्षात कसा गायिला जात असे, याची साक्ष या ग्रंथातून मिळते.

सरफोजी (दुसरे) यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ अशी होती. इंग्रजांशी झालेल्या तहानंतर त्यांच्या हाती राज्यकारभाराचा अधिकार फारसा उरला नव्हता. आपले सारे लक्ष त्यांनी विद्या आणि कला यांकडे वळविले. काशीयात्रेत त्यांनी हस्तलिखिते मिळविली, पाश्चात्य ग्रंथ विकत घेतले आणि दरबारात पाश्चात्य वाद्यवृंदही ठेवला. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू होते. आज भरतनाट्यम् या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नृत्याच्या प्रयोगाचा क्रम या चौघांनी निश्चित केला. वडिवेलू पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या आश्रयास गेले. व्हायोलिन हे परदेशी वाद्य कर्नाटक संगीतात रुळविणाऱ्यांत त्यांची गणना होते.

याच काळात तंजावरच्या परिसरात त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे तीन महान रचनाकार होऊन गेले. तिघांचाही जन्म तिरुवारूरचा. कर्नाटक संगीतात त्यांना ‘त्रिमूर्ती’ असे संबोधिले जाते.

राज्य गेले, कागद राहिले

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी महाराज औरस पुत्राशिवाय मृत्यू पावले आणि कंपनी सरकारने तंजावरची गादी संपुष्टात आणली. दरबार मोडताच कलावंतांचा आधार तुटला. काही जण त्रावणकोर, म्हैसूर, एट्टयापुरम् अशा संस्थानांत गेले. पुष्कळांनी मद्रास शहराची वाट धरली. तेथील व्यापारी आणि वकील मंडळी संगीताचे नवे आश्रयदाते झाले. तंजावरचे संगीत अशा रीतीने तंजावरच्या बाहेर वाढू लागले. त्याच्या जन्मस्थानी मात्र पोथ्या तेवढ्या राहिल्या.

या पोथ्यांकडे प्रथम लक्ष गेले ते ए. सी. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाचे. त्याने राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९१८ मध्ये राजघराण्याच्या वारसांनी हा संग्रह लोकांच्या उपयोगासाठी खुला केला आणि ग्रंथालयाचा कारभार शासनाच्या देखरेखीखाली आला. पी. पी. एस. शास्त्री यांनी १९२८ पासून संस्कृत हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीचे १९ खंड सिद्ध केले. कोणत्या कपाटात कोणती पोथी आहे, तिची पाने किती, लिपी कोणती, आरंभ आणि शेवट कोणता, हे या सूचीवरून कळू लागले. सूचीकाराचे काम नीरस वाटले तरी त्यावाचून पुढील संशोधकाला पहिले पाऊलही टाकता आले नसते. १९८३ मध्ये संसदेने या ग्रंथालयास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली.

विद्यापीठात संगीताचा प्रवेश

विसाव्या शतकाच्या आरंभी संगीत हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे, असे कोणी मानीत नसे. संगीत गुरूकडे शिकावे आणि मैफलीत ऐकावे, एवढीच सर्वसाधारण समजूत होती. १९२७ मध्ये मद्रास येथे काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळी अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यातून मद्रासची म्युझिक अकॅडमी जन्मास आली. अकॅडमीच्या वार्षिक सभांत गायक आणि पंडित समोरासमोर बसून रागांच्या लक्षणांची चर्चा करू लागले. १९३० च्या दशकात मद्रास विद्यापीठात भारतीय संगीताचे पद्धतशीर अध्यापन सुरू झाले.

या विभागाची धुरा दीर्घकाळ वाहणारे प्रा. पी. सांबमूर्ती (१९०१–१९७३) यांनी कायद्याची पदवी घेतली होती, ते व्हायोलिन वाजवीत आणि जर्मनीतील म्युनिक येथे जाऊन त्यांनी युरोपीय संगीतशास्त्राचा अभ्यास केला होता. परदेशात जुन्या संगीताची हस्तलिखिते कशी संपादित केली जातात, वाद्यांचे संग्रह कसे मांडले जातात, हे त्यांनी जवळून पाहिले. परत आल्यावर तीच शिस्त त्यांनी दक्षिणेच्या संगीताला लावली. वाद्यांची सूची, दक्षिण भारतीय संगीतावरील क्रमिक ग्रंथमाला आणि संगीत व संगीतकार यांचा कोश अशी त्यांची ग्रंथरचना विस्तृत आहे. शहाजी महाराजांचे ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ त्यांनी १९५५ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. राजाच्या नावाची एक जुनी पोथी यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती आली.

दुसरे अभ्यासक डॉ. व्ही. राघवन (१९०८–१९७९) हे याच विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म तिरुवारूरचा, म्हणजे तंजावरच्या संगीतभूमीतीलच. अलंकारशास्त्रावरील त्यांचे काम देशोदेशी मान्यता पावले होते. संगीताच्या क्षेत्रातही त्यांनी मूलभूत कामगिरी केली. १९३० च्या दशकात त्यांनी म्युझिक अकॅडमीच्या नियतकालिकात संगीतशास्त्रावरील जुन्या आणि उत्तरकालीन ग्रंथांचा आढावा घेणारे लेख लिहिले. कोणता ग्रंथ कोणाचा, कोणत्या काळातला, कोणी कोणाचे उतारे घेतले, ही गुंतागुंत त्यांनी सोडविली. शहाजींच्या जीवनावरील ‘शाहेंद्रविलास’ हे संस्कृत काव्य त्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह १९५२ मध्ये प्रकाशात आणले. शहाजींच्या दरबारातील विद्वान, कवी आणि संगीतज्ञ यांचे चित्र त्या प्रस्तावनेत साकार झाले आहे. १९४४ पासून अखेरपर्यंत ते म्युझिक अकॅडमीचे चिटणीस होते. त्यामुळे विद्यापीठातील ग्रंथाभ्यास आणि मैफलीतील गाणे यांच्यातील दुवा म्हणून त्यांचा फार उपयोग झाला.

अकॅडमीनेही मूळ ग्रंथांच्या प्रकाशनाचे काम हाती घेतले. ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ १९३४ मध्ये, नायककालीन ‘संगीतसुधा’ १९४० मध्ये आणि तुळजाजींचे ‘संगीतसारामृत’ १९४२ मध्ये छापून निघाले. तंजावरच्या तीन प्रमुख शास्त्रग्रंथांच्या शुद्ध प्रती आठ वर्षांच्या अवधीत अभ्यासकांना उपलब्ध झाल्या.

संशोधनाची रीत

हे काम नेमके कसे चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. काव्याची पोथी संपादित करताना संपादकाला दोन आधार असतात. एक वृत्ताचा आणि दुसरा अर्थाचा. एखादे अक्षर चुकले तर वृत्त बिघडते किंवा अर्थ लागत नाही, आणि चूक ध्यानी येते. स्वरलेखनात हे दोन्ही आधार नसतात. सा, रि, ग, म ही अक्षरे ओळीने लिहिलेली असतात. लेखनिकाने एका अक्षराच्या जागी दुसरे लिहिले, तर वाचणाऱ्याला ते सहज कळत नाही. शिवाय स्वर कोणत्या सप्तकातला, किती वेळ ठेवावयाचा आणि त्याला कोणता गमक द्यावयाचा, हे जुन्या लेखनात बहुधा दाखविलेले नसते.

यावर अभ्यासकांनी तुलनेचा मार्ग स्वीकारला. प्रथम शास्त्रग्रंथातील रागलक्षण पाहावयाचे. नंतर त्याच रागातील जुन्या रचनांचे स्वरलेखन तपासावयाचे. शेवटी तो राग आजच्या परंपरेत कसा गायिला जातो हे जाणत्या गायकाकडून ऐकावयाचे. तिन्ही जुळले तर पाठ निश्चित झाला. न जुळल्यास, लेखनिकाची चूक आहे की मधल्या काळात रागच बदलला आहे, याचा निर्णय करावयाचा. शहाजींचा रागलक्षण-ग्रंथ आणि तुळजाजींचे ‘सारामृत’ हे एकाच घराण्यातील दोन बंधूंचे ग्रंथ या कामी विशेष उपयोगी पडले.

लिप्यांची अडचण वेगळीच होती. संस्कृत ग्रंथ ग्रंथ, तेलुगू किंवा देवनागरी लिपीत, पदे तेलुगूत, लोकनाट्ये तामिळमध्ये आणि दरबारी हिशेब मराठीत, परंतु मोडी लिपीत. कलावंतांना दिलेले वेतन, वस्त्रे आणि इनामे यांची माहिती या मोडी दप्तरांत दडलेली होती. संगीत जाणणाऱ्याला मोडी येत नसे आणि मोडी जाणणाऱ्याला संगीत कळत नसे. म्हणून एका विषयाच्या उलगड्यासाठी अनेक विद्वानांना एकत्र यावे लागले. १९८१ मध्ये तंजावर येथे तामिळ विद्यापीठ स्थापन झाल्यावर तेथे मोडी कागदपत्रांच्या तामिळ भाषांतराचे कामही झाले.

बहात्तर मेलांची कथा

या संशोधनाचे फलित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वेंकटमखीने रागांच्या वर्गीकरणासाठी ७२ मेलांची योजना सांगितली. षड्ज आणि पंचम हे स्वर अचल धरले, तर ऋषभ-गांधार या जोडीचे सहा प्रकार होतात आणि धैवत-निषाद या जोडीचेही सहा प्रकार होतात. दोहोंच्या मिळणीतून ३६ प्रकार झाले. प्रत्येकात मध्यम शुद्ध किंवा तीव्र असू शकतो म्हणून ३६ ची दुप्पट ७२. गणिताच्या दृष्टीने ही योजना निर्दोष आहे.

परंतु मूळ ग्रंथ हाती आल्यावर असे दिसून आले की, ७२ मेल संभवतात असे सांगून वेंकटमखी आपल्या काळी प्रचारात असलेले केवळ १९ मेल देतो. बाकीचे मेल ही त्या वेळी शक्यता होती. पुढे अठराव्या शतकात लिहिणारे तुळजाजीही प्रचलित रागांपुरतीच आपली मांडणी करतात. पुढील काळात रचनाकारांनी या रिकाम्या चौकटी भरल्या आणि १९ चे ७२ झाले. शास्त्र आधी आणि गाणे नंतर, की गाणे आधी आणि शास्त्र नंतर, या जुन्या वादाला तंजावरच्या पोथ्यांनी दिलेले उत्तर असे दुहेरी आहे. तुळजाजींनी प्रचलित गाण्यावरून शास्त्र लिहिले, तर वेंकटमखीच्या शास्त्राने पुढच्या गाण्याला वाट दाखविली.

कंठस्थ परंपरेचे साक्षीदार

पोथीत जे नव्हते ते माणसांजवळ होते. सरफोजींच्या दरबारातील चार बंधूंच्या वंशात नृत्य आणि संगीत यांची विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. या घराण्यातील के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांनी पूर्वजांच्या रचना स्वरलेखनासह प्रसिद्ध करण्याच्या कामी पुढाकार घेतला. घराण्याची ठेव बाहेर न देण्याची त्या काळची वृत्ती पाहता, या निर्णयाचे मोल मोठे आहे.

मंदिरातील नर्तिकांची परंपरा मात्र खंडित झाली. सरफोजींच्या गौरवार्थ रचलेले ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ हे तामिळ नृत्यनाट्य बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी सादर करीत असत. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात कायद्याने देवदासी प्रथा बंद झाली. समाजसुधारणेच्या दृष्टीने हा कायदा आवश्यक होता, याविषयी दुमत नाही. परंतु त्या स्त्रियांच्या कंठात आणि पदन्यासात जे संचित होते त्याची नोंद वेळेवर पुरेशी झाली नाही. ग्रंथकार राजांची नावे इतिहासात राहिली. त्यांच्या रचनांना शतकानुशतके जिवंत ठेवणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे दप्तरातील एखाद्या मोडी नोंदीपलीकडे कोठेच नाहीत. विद्यापीठीय संशोधनाची ही मर्यादा नमूद करणे प्राप्त आहे.

याउलट मेलट्टूर या खेड्याचे उदाहरण आशादायक आहे. येथील ब्राह्मण कुटुंबांत नृसिंहजयंतीच्या सुमारास भागवत मेळा हा तेलुगू नृत्यनाट्याचा प्रकार सादर होतो. डॉ. राघवन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर लिहिल्यामुळे बाहेरच्या जगाचे लक्ष तिकडे गेले. परंतु परंपरा टिकली ती गावकऱ्यांनी ती आपली मानली म्हणून.

महाराष्ट्राशी जुळलेले धागे

तंजावरच्या या शोधाचा महाराष्ट्राशी तीन प्रकारे संबंध येतो. पहिला धागा पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा. मुंबईत वकिली करणाऱ्या भातखंडे यांनी १९०४ मध्ये दक्षिणेचा दौरा केला आणि एट्टयापुरम् येथे सुब्बराम दीक्षितर या थोर पंडितांची भेट घेतली. वेंकटमखीची मेलपद्धती त्यांनी अभ्यासिली. हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत त्यांनी जी मांडणी केली तिच्यामागे या अभ्यासाची प्रेरणा होती. महाराष्ट्रातील शाळांत आणि संगीत-विद्यालयांत आजही मुले थाट शिकतात. त्या पाठाचे एक मूळ अशा रीतीने तंजावरला जाऊन पोहोचते.

दुसरा धागा कीर्तनाचा. रामदासी मठांमुळे आणि महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांमुळे मराठी कीर्तन तंजावरला रुजले. तंजावरच्या कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी मराठी कीर्तनाची घडण आणि कर्नाटक संगीत यांचा मेळ घालून दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपल्या परिचयाची नावे तामिळ हरिकथेतही ऐकू येतात, ती यामुळेच.

तिसरा धागा नृत्याचा. सरफोजी राजांच्या नावे मराठीत ‘निरूपणे’ आहेत. एका कथाविषयावर आरंभापासून मंगलापर्यंत जयजय, शरणु, अलारू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना असे अठरा नृत्यप्रकार क्रमाने गुंफण्याची ही रचना आहे. ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने त्यांचा संग्रह सरस्वती महालाने छापला. मराठी भाषेत भरतनाट्यम् नाचता येते, किंबहुना ते राजदरबारी नाचले जावे म्हणून लिहिले गेले, ही गोष्ट तोवर महाराष्ट्रास जवळजवळ अज्ञात होती. मुंबईचे नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमार यांनी या रचनांचा ध्यास घेतला आणि किट्टप्पा पिळ्ळै यांच्या साहाय्याने त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या. त्यांचा ‘तंजावूर नृत्यप्रबंध’ हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला आहे. पोथीतील मराठी शब्द आणि तामिळ गुरूच्या घराण्यातील जतीस्वर यांची गाठ दीडशे वर्षांनी पुन्हा पडली.

एकत्रित इतिहासाची सिद्धी

सूची झाल्या, ग्रंथ छापले गेले, लेख लिहिले गेले. परंतु सर्व माहिती एकत्र करून शहराचा सलग इतिहास सांगण्याचे काम शिल्लक होते. ते मद्रास विद्यापीठाच्या संगीत विभागातील डॉ. एस. सीता यांनी केले. सतराव्या, अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील संगीताचे केंद्र म्हणून तंजावरचा विचार करणारा त्यांचा प्रबंध विद्यापीठाने १९८१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. शहाजींच्या रागलक्षण-ग्रंथाचे संपादनही त्यांनीच केले. राजे, शास्त्रकार, वाग्गेयकार, नर्तक आणि वादक यांचा एकमेकांशी असलेला संबंध त्यांच्या ग्रंथामुळे स्पष्ट झाला. त्रिमूर्तींची प्रतिभा अद्वितीय होती हे खरेच, परंतु त्यांच्या आधी दोन शतके तंजावरच्या भूमीची मशागत चालू होती, हे आता आधारासह सांगता येते.

मराठी राजांविषयीचे दोन टोकाचे समजही या संशोधनाने दूर झाले. ते केवळ पैसा पुरविणारे आश्रयदाते होते, हा एक समज. ग्रंथांची साक्ष पाहता तो टिकत नाही. तंजावरच्या संगीताचे सारे श्रेय त्यांचेच, हा दुसरा समज. चोळ आणि नायक राजवटींचा वारसा, तामिळ कलावंतांची साधना आणि तेलुगू पदकारांची प्रतिभा पाहता तोही टिकत नाही. प्राप्त झालेला वारसा त्यांनी जपला, त्यात भर घातली आणि तो लिहून ठेवला. एवढे श्रेय त्यांच्या पदरी निःसंशय पडते, आणि ते थोडके नाही.

घ्यावयाचा बोध

तंजावरचे उदाहरण राजधानीचे असले, तरी त्यातील बोध लहान गावांनाही लागू पडतो. महाराष्ट्रातील कितीतरी गावांत भजनी मंडळांच्या बाडांत जुनी पदे आहेत, देवस्थानांच्या दप्तरांत गुरव, घडशी, वाजंत्री यांच्या वतनांच्या मोडी नोंदी आहेत, गोंधळी, वाघ्ये आणि शाहीर यांच्या कंठात कोठेही न लिहिलेली कवने आहेत. त्यांना ताडपत्रांइतकाच काळाचा धोका आहे.

या कामी मोठ्या खर्चाची गरज नाही. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांकडून गावातील वयोवृद्ध गायक-वादकांची नावे, त्यांच्या गुरूंची नावे आणि त्यांना येणाऱ्या रचनांची यादी करून घ्यावी. पंचायतीने जुनी बाडे आणि कागद कोणाकडे आहेत याची नोंद ठेवावी, आणि ते रद्दीत जाणार नाहीत अशी काळजी घ्यावी. गाणे ध्वनिमुद्रित करणे आता हातातील दूरध्वनीवरही शक्य आहे. मात्र मुद्रणाबरोबर गायकाचे नाव, गाव, दिनांक आणि प्रसंग लिहून ठेवावयास हवा. नाव नसलेली नोंद पुढे निरुपयोगी ठरते, हे तंजावरच्या नर्तिकांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. मोडी वाचणाऱ्यांची संख्या वाढविणे हेही याच कामाचे एक अंग आहे.

बर्नेलची सूची १८८० ची आणि डॉ. सीता यांचा ग्रंथ १९८१ चा. एका शहराचा सांगीतिक इतिहास सिद्ध होण्यास शंभर वर्षे लागली. सूचीकार, पाठ संपादणारे पंडित, मोडी वाचणारे कारकून, घराण्याची विद्या खुली करणारे गुरू आणि शेवटी हे सारे एका सूत्रात ओवणाऱ्या प्राध्यापिका, असे अनेकांचे हात त्याला लागले. यांपैकी कोणा एकाचा वाटा वगळला असता, तर साखळी तुटली असती. गावोगावच्या परंपरांच्या बाबतीत या साखळीची पहिली कडी म्हणजे साधी यादी. ती तयार करण्याचे काम शाळा आणि पंचायत यांना आजच आरंभिता येण्यासारखे आहे.